बँड सोडला, सतारही सोडली – जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’

खर्जातला_सा (धागाकर्ता)

मागच्या रविवारी बाबांची हवाईयन गिटार माळ्यावरून खाली काढली. सत्तरच्या दशकात गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात ते ती वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताला नख्या. तारा पार गंजल्या होत्या. मी त्या काढत बसलो होतो आणि बाजूला ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ चालू होता. ‘माय स्वीट लॉर्ड’ची सुरुवातीची धून लागली आणि बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, “कोण रे हा? बारने वाजवतोय.”

जॉर्ज हॅरिसन म्हटल्यावर म्हणाले, “तो सतारवाला?”

या दोन वाक्यांनी बरेच दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट एकदम जागेवर बसली, म्हणून हा धागा.

या अल्बमची नेहमी सांगितली जाणारी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनीपुढे जॉर्जच्या गाण्यांना जागाच नसायची, एका रेकॉर्डवर एक-दोन गाणी मिळाली तरी पुष्कळ. ‘इझन्ट इट अ पिटी’ १९६६ पासून पडून होतं. खुद्द ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ त्याने जानेवारी १९६९ मध्ये बँडसमोर ठेवलं, तालमीही झाल्या, पण बीटल्सच्या रेकॉर्डवर ते कधी आलं नाही. त्याच महिन्यात, १० जानेवारीला, ट्विकनहॅमच्या फिल्म स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीत जॉर्ज “मी चाललो” म्हणून निघून गेला. घरी जाऊन त्याने गाणं लिहिलं, ‘वाह-वाह’. (मी शाळेत असताना हे नाव वाचून ती आपली दाद समजलो होतो. गिटारच्या वाह-वाह पेडलचं नाव आहे ते, आणि जॉर्जच्या बोलण्यात त्याचा अर्थ होता डोकेदुखी.) दहा-बारा दिवसांनी तो परत आला, पण मनाने गेलेला माणूस परत येतो का? एप्रिल १९७० मध्ये बँड मोडल्याचं जगजाहीर झालं, मेअखेर जॉर्ज स्वतःच्या अल्बमसाठी स्टुडिओत होता आणि नोव्हेंबरअखेर तीन रेकॉर्डींचा जाडजूड बॉक्स दुकानात आला. अमेरिकेत तो सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

हे सगळं खरं. पण या कथेत बाबांच्या दोन वाक्यांचं उत्तर नाही. सतारवाला माणूस बारने वाजवायला कधी लागला?

सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज मुंबईत आला होता, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. ताजमध्ये सॅम वेल्स या खोट्या नावाने उतरला, तरी पोरांनी त्याला शोधून काढलंच, आणि मग गुरुशिष्य काश्मीरला हाउसबोटीवर गेले. हे वरवरचं वेड नव्हतं. त्याने बैठक शिकून घेतली, पलटे घोटले, जवळपास दोन-तीन वर्षं गिटार बाजूला ठेवून सतारीवर घालवली. आणि १९६८ मध्ये त्याने स्वतःशी हिशेब केला. आपण निदान पंधरा वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, आपण थोर सतारवादक होणार नाही. रविशंकरांनीच त्याला तुझी मुळं कुठली, असं विचारलं होतं. त्याने पुन्हा गिटार हातात घेतली. तोवर क्लॅप्टन आणि हेन्ड्रिक्स हे गिटारवाले कुठच्या कुठे गेले होते.

म्हणजे हा माणूस दोन घरं सोडून आला होता. एक जगातला सगळ्यात प्रसिद्ध बँड. दुसरं घर सतारीचं, त्याने जीव लावलेलं आणि तरी त्याचं न झालेलं. डिसेंबर १९६९ मध्ये डिलेनी अँड बॉनी या अमेरिकन जोडीच्या ताफ्याबरोबर फिरताना डिलेनी ब्रॅम्लेटने त्याला स्लाइडचा भाग वाजवायला लावला. बोटात नळी घालायची आणि तारेवरून घसरवायची. एवढंच. पण त्या नळीने त्याला सतारीवरची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, गिटारवर परत दिली असं मला वाटतं. बीटल्सच्या रेकॉर्डवर त्याची अशी स्लाइड जवळजवळ नाहीच. या अल्बमपासून ती त्याची सही झाली, शेवटपर्यंत.

‘माय स्वीट लॉर्ड’च्या त्या धुनेत दोन स्लाइड गिटार एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, दोन्ही त्याच्याच. ब्लूजवाल्यांची स्लाइड रडते, ओरडते, करवतते. ही गाते. स्वर लागला की त्याला पुढे ढकलायची घाई नाही.

तुमचं काय मत? आणि अल्बममधलं तुमचं गाणं कुठलं?

---

शेवटची_लोकल

धागा मनापासून आवडला. पण एक दुरुस्ती आधी करून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही. हा जॉर्जचा पहिला अल्बम नाही. पहिला ‘वंडरवॉल म्युझिक’, १ नोव्हेंबर १९६८. कुठल्याही बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम तोच आणि बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीने काढलेला पहिला एलपीही तोच. त्यानंतर ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’, १९६९.

आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘वंडरवॉल’चा मोठा भाग मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. जानेवारी १९६८, फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरचा एचएमव्हीचा स्टुडिओ. मी त्याच रस्त्यावर अकरा वर्षं नोकरी केली आणि मला हे नोकरी सोडल्यावर कळलं! स्टुडिओ इतका साधा होता की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा. स्टीरिओ यंत्र नव्हतं, ते एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवलं.

वादक बघा: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सरोदवर आशिष खान, तबला-पखवाज महापुरुष मिश्र, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा. एका बीटलच्या पहिल्या अल्बमवर एक नारिंग्रेकर वाजवतात, हे किती मराठी माणसांना माहीत असेल?

---

खर्जातला_सा

@शेवटची_लोकल, दुरुस्ती डोक्यावर. बँड सोडल्यानंतरचा पहिला आणि गाण्यांचा पहिला, असं म्हणतो. ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं पार्श्वसंगीत होतं आणि त्यात जॉर्ज गात नाही.

पण तुमच्या यादीने माझ्या मुद्द्याला वेगळीच जोड दिली. त्यातले शिवकुमार हे १९६७ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’वरही आहेत, हरिप्रसाद चौरसियांबरोबर. आणि त्या रेकॉर्डवर तिसरे कोण? ब्रिजभूषण काब्रा. वाद्य कुठलं? स्लाइड गिटार. म्हणजे जॉर्ज फोर्टमध्ये बसून ज्यांच्याकडून वाजवून घेत होता, त्यांनी नुकतंच बारच्या गिटारवर वाजलेल्या रागदारीला साथ दिली होती. यावरून जॉर्जने तिथून काही उचललं असं मी म्हणणार नाही. पण तारेवरून घसरत जाऊन राग गाता येतो, ही गोष्ट या शहरात आधीच सिद्ध झाली होती, एवढं नक्की.

---

पितळी_नळी

मी गेली वीस वर्षं पुण्यात गिटार दुरुस्त करतो आणि थोडी स्लाइड वाजवतो. मींडेच्या मुद्द्यावर हाताचा अनुभव सांगतो.

सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर दाबून बाजूला खेचतात. खेचली की स्वर चढतो. उतरती मींड हवी असेल तर तार आधीच खेचून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. म्हणजे उतरताना तुम्ही अंदाजाने सुरुवात करता, कान आणि बोट आधी पोहोचलेलं असावं लागतं.

स्लाइडमध्ये नळी तारेवर नुसती टेकवायची. दाबली तर ती पडद्यांवर खडखडते. आणि स्वर पडद्याच्या मागे नाही, बरोब्बर त्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर असतो. साध्या गिटारवर पट्टीच्या मागे कुठेही दाबा, स्वर तोच येतो. स्लाइडमध्ये सुतभर मागे राहिलात तर बेसूर. कुणी वाचवत नाही. शिवाय नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवावी लागतात, नाहीतर मागचा तुकडाही वाजतो आणि भुताटकीसारखा आवाज येतो.

आता जॉर्जचं ऐका. तो एका वेळी एकच तार गातो. ब्लूजवाले बऱ्याचदा गिटार उघड्या स्वरमेळात लावून अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, घसरवतात. जॉर्जला कॉर्ड नको असते, त्याला गळा हवा असतो. आणि तो स्वरावर खालून येतो, थांबतो, मग कंप देतो. कंप आधी नाही. आधी स्वर लागला पाहिजे. ही शिस्त ज्याने कुणाकडे तरी बसून सा लावलाय त्याचीच असते.

‘माय स्वीट लॉर्ड’मधल्या दोन स्लाइड एकमेकींशी किती जुळतात ते हेडफोन लावून ऐका. एकदा वाजवलेलं दुसऱ्यांदा वेगळ्या स्वरातून वाजवायचं, आणि प्रत्येक घसरणीचा वेग तोच ठेवायचा. मी शिष्यांबरोबर हे करून पाहिलंय. सुरुवातीच्या सात-आठ सेकंदांसाठी आमचे दोन रविवार गेले.

---

निळी_शाई

अल्बम आवडतो, पण गोडवे गाताना एक गोष्ट बाजूला पडतेय. यातला आवाज गढूळ आहे! निर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन ड्रमकिट, दोन-तीन पियानो, चार-पाच अकूस्टिक गिटारी एकदम वाजवायच्या आणि वरून घुमारा ओतायचा. बॅडफिंगर या बँडची मंडळी तर नुसती अकूस्टिक गिटार खाजवायला बसवली होती. ‘वाह-वाह’ ऐकताना मला दादर स्टेशनात संध्याकाळी सहा वाजता उभं असल्यासारखं वाटतं.

खुद्द जॉर्जला हे खटकत होतं. २००१ च्या आवृत्तीच्या वेळी त्याने लिहिलंय की काही गाणी त्या मोठ्या निर्मितीतून सोडवावीत असं त्याला वाटलं. तुम्ही ज्या स्लाइडबद्दल इतकं बोलताय तीही अर्ध्या ठिकाणी त्या धुक्यात हरवते.

आणि तिसरी रेकॉर्ड, ‘ॲपल जॅम’. मित्रांनी जमून वाजवलेलं, ठीक आहे, पण विकत घेणाऱ्याने ते का ऐकावं?

---

खर्जातला_सा

@निळी_शाई, घुमाऱ्याबद्दल अर्धा सहमत. ‘वाह-वाह’चीच गोष्ट आहे. खोलीत सगळे एकत्र वाजवत होते तेव्हा जॉर्जला ते भन्नाट वाटत होतं. कंट्रोल रूममध्ये येऊन ऐकलं आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही. क्लॅप्टन म्हणाला मला आवडलं, तर जॉर्ज म्हणाला मग तूच घे तुझ्या अल्बमवर. पुढे त्यालाही ते आवडायला लागलं.

पण मला त्या गर्दीत एक माया दिसते. ट्विकनहॅमच्या त्या खोलीत चौघेच होते आणि त्याला जागा नव्हती. इथे बीटल्सचाच ड्रमर रिंगो आहे, बेसवर हॅम्बुर्गपासूनचा मित्र क्लाऊस वुअरमन आहे, बिली प्रेस्टन आहे, क्लॅप्टन आहे, नॅशव्हिलहून आलेला पीट ड्रेक पेडल स्टील गिटार घेऊन बसलाय. एवढ्या लोकांना घेऊन जॉर्ज मध्यभागी उभा आहे. आणि बाहेर काय चाललं होतं? त्याची आई आजारी होती. ध्वनिमुद्रण चालू असतानाच, जुलै १९७० मध्ये ती गेली. मला तो घुमारा म्हणजे भरलेलं घर वाटतं.

२०२१ साली मुलाने, धनीने, पन्नाशीनिमित्त नवं मिश्रण करून घेतलंय, पॉल हिक्सकडून. त्यात जॉर्जचा गळा पुढे आलाय. तुम्हाला ते पटेल. मी दोन्ही ऐकतो.

तिसऱ्या रेकॉर्डबद्दल वाद घालत नाही. पण एक सांगतो, याच सगळ्या गोतावळ्यातून क्लॅप्टनचा ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ हा बँड उभा राहिला. त्या दृष्टीने ऐका.

---

मधुरा_रेडिंग

मी इंग्लंडात रेडिंगला राहते, हेन्ली-ऑन-थेम्स इथून अगदी जवळ. जॉर्जचं घर, फ्रायर पार्क, तिथेच. घर खासगी आहे, आत जाता येत नाही, आणि जाऊ नये. पण फाटकाबाहेरून गेलं तरी काहीतरी होतं मनाला.

हे घर त्याने १९७० च्या सुरुवातीला घेतलं, म्हणजे अल्बमच्या तोंडावर. बांधलं होतं सर फ्रँक क्रिस्प नावाच्या एका श्रीमंत वकिलाने. अल्बममध्ये त्याच्यावर एक अख्खं गाणं आहे, घरभर, बागेभर हात धरून फिरवून आणणारं. माझं सगळ्यात आवडतं तेच. मुखपृष्ठावरचा फोटोही त्याच हिरवळीवरचा: रबरी बूट घातलेला जॉर्ज स्टुलावर बसलाय आणि भोवती बागेतले चार बुटके पुतळे आडवे-तिडवे पडलेत. छायाचित्र बॅरी फाइनस्टाइनचं. चार पुतळे म्हणजे चार बीटल्स असं लोक लावतात. मला बघताना नेहमी पाहुणे गेल्यानंतरचं अंगण आठवतं.

अवांतर: ‘ॲपल स्क्रफ्स’ हे गाणं ॲपलच्या ऑफिसबाहेर आणि स्टुडिओबाहेर थंडीपावसात ताटकळणाऱ्या मुलींसाठी आहे. इतक्या मोठ्या माणसाने दारातल्या मुलींना गाणं द्यावं, आणि तेही गर्दी सगळी बाजूला ठेवून, जवळजवळ एकट्याने, गिटार आणि माउथ ऑर्गनवर. @निळी_शाई, धुकं नको असेल तर हे ऐका.

---

टाळकरी

मला रॉकमधलं फारसं कळत नाही. पण ‘माय स्वीट लॉर्ड’ मी आमच्या भजनी मंडळात सगळ्यांना ऐकवलं होतं, ते सांगावंसं वाटतं.

आमच्याकडे बुवा ओळ टाकतात, टाळकरी उचलतात. चाल तीच राहते, हळूहळू लय आणि पट्टी चढते, आणि नामाच्या गजरापाशी येऊन सगळे एक होतात. हे गाणं तसंच बांधलंय. सुरुवातीला मागचे आवाज ‘हालेलुया’ म्हणतात. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला अगदी घरचं वाटावं असं. मधेच पट्टी चढते, आणि थोड्या वेळाने तेच आवाज ‘हरे कृष्ण’ म्हणायला लागतात. जॉर्जने हे ठरवून केलं होतं, लोक आधी डोलायला लागू देत, मग नाम येऊ दे. आणि पुढे? ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’! आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या काकू ते ऐकून हात जोडून बसल्या. शाळेत रोज म्हटलेला श्लोक इंग्रजी गाण्यात, आणि उच्चारही बऱ्यापैकी.

मागचे आवाज कोणाचे म्हणून मी शोधलं तर रेकॉर्डवर ‘जॉर्ज ओ’हॅरा-स्मिथ सिंगर्स’ असं नाव आहे. तो दुसरातिसरा कोणी नाही, जॉर्जच. बुवाही तो, टाळकरीही तोच.

---

सरगम_मावशी

टाळकरीदादा, छान लिहिलंत. पण या गाण्यावरचा खटला कुणी काढलाच नाही, आणि तो आपल्या लोकांनी सरगममध्ये समजून घ्यावा असा आहे. मी चाळीस वर्षं गाणं शिकवते, म्हणून हे माझ्या वाट्याचं.

‘ही’ज सो फाइन’ हे शिफॉन्स या मुलींच्या गटाचं १९६३ चं गाणं, रॉनी मॅक यांचं. ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल त्यावरून उचलली अशी फिर्याद १९७१ मध्ये झाली, निकाल लागला १९७६ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयात. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार होते, ऑपेरा लिहिणारे. त्यांनी गाण्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा, आपल्या भाषेत: प ग रे. चार वेळा. दुसरा: प ध सां ध सां. तोही पुन्हा पुन्हा. दोन्ही गाण्यांत हे तुकडे, याच क्रमाने. दुसऱ्या तुकड्यात एके ठिकाणी रिषभाचा एक कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लागतो, तोसुद्धा दोन्हीकडे.

आता म्हणून बघा. प ग रे. प ध सां ध सां. कुठला राग? पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल, भूप. मध्यम नाही, निषाद नाही. पाच स्वरांच्या अंगणात फिरताना पावलावर पाऊल पडणारच, असं मला आधी वाटायचं. आमच्याकडे भूपातल्या शंभर बंदिशी आहेत आणि कुणी कुणावर खटला भरत नाही. पण त्या कणापाशी येऊन मी अडते. स्वर सगळ्यांचे असतात, कण मात्र एखाद्याच्या गळ्यातला असतो. न्यायाधीशांनी जॉर्जला चोर म्हटलं नाही. मनाच्या तळाशी ऐकलेलं गाणं नकळत वर आलं, असं म्हटलं. मला तो निकाल कडक पण समजूतदार वाटतो.

पुढचा भाग मात्र फार वाईट. जॉर्जचा पूर्वीचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन, जो या खटल्यात त्याच्या बाजूने होता, त्यानेच १९७८ मध्ये समोरच्या कंपनीकडून ‘ही’ज सो फाइन’चे हक्क ५,८७,००० डॉलरला विकत घेतले आणि फिर्यादी होऊन बसला! न्यायालयाने १९८१ मध्ये त्याला यात नफा कमवू दिला नाही. त्याने मोजले तेवढेच पैसे जॉर्जने द्यायचे, असं ठरलं.

---

पितळी_नळी

मावशी, दंडवत. भूप हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. आत्ता दुकान बंद करून गिटारवर वाजवून पाहिलं.

एकच भर घालतो. खटला झाला तो गळ्याच्या चालीवर. स्लाइडची धून त्या तुकड्यांबाहेरची आहे. गाणं कोणाचंही ठरो, त्या धुनेवर जॉर्जशिवाय कुणाचा हक्क नाही.

---

कॅसेट_९०

धागा वाचून पहिल्यांदाच अल्बम ऐकायला घेतलाय. तेवीस गाणी बघून दडपलो. कुठून सुरू करू?

---

मधुरा_रेडिंग

@कॅसेट_९०, शेवटची पाच ‘ॲपल जॅम’ची, ती आत्ता सोडा. ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’पासून सुरू करा, मग ‘इझन्ट इट अ पिटी’, सात मिनिटांचं मोठं. मग ‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’, हे बॉब डिलनसाठी लिहिलंय, त्यात पीट ड्रेकचं पेडल स्टील आहे. आणि रात्री उशिरा, एकट्याने, शीर्षकगीत.

---

शेवटची_लोकल

‘रन ऑफ द मिल’ विसरू नका. जेमतेम तीन मिनिटांचं. मैत्री तुटताना कोण कुठे चुकलं याचा हिशेब, पण आवाज न चढवता. ‘वाह-वाह’ दार आपटून लिहिलंय, हे दार लावून घेतल्यावर. दोन्ही एकाच माणसाची, एकाच बँडबद्दलची.

मी बरेच वर्षांपूर्वी चोर बाजारातल्या एका दुकानातून याचा जुना बॉक्स घेतला होता. घरी येऊन उघडला तर आत दोनच रेकॉर्डी, तिसरी नाही, पोस्टरही नाही. तेव्हा फार हळहळलो. पण पहिल्या रेकॉर्डची ‘रन ऑफ द मिल’ असलेली बाजू इतक्यांदा वाजवली गेली होती की सुई ठेवल्यावर आधी नुसती खरखर यायची. कुणीतरी आपल्याच शहरात हे इतकं ऐकलं होतं.

---

निळी_शाई

२०२१ चं मिश्रण ऐकलं. ‘इझन्ट इट अ पिटी’ दोनदा. गळा खरंच पुढे आलाय, आणि शेवटी जिथे सगळे गात सुटतात तिथे स्लाइड वरून तरंगत जाते, ती मला आधी ऐकूच आली नव्हती. गढूळ हा शब्द ‘वाह-वाह’पुरता ठेवतो. बाकी मागे घेतो.

---

खर्जातला_सा

सगळ्यांचे आभार. मावशींचा प्रतिसाद मी छापून ठेवला आहे.

गिटारला नव्या तारा बसल्या. @पितळी_नळी यांनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे तारांखालची घोडी थोडी उंच केली, आता खडखडत नाही. काल संध्याकाळी बाबांना मुद्दाम ‘मारवा ब्लूज’ ऐकवलं. हे या अल्बममधलं नाही. जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ ला गेला, त्यानंतर वर्षभराने आलेल्या ‘ब्रेनवॉश्ड’मधलं. शब्द नाहीत, नुसती स्लाइड. रागाची शिस्तशीर मांडणी ती नाही, पण बत्तीस वर्षं ती नळी बोटात घालून झाल्यावर त्याने नाव दिलं ते मारव्याचं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मधे तो एकदा खाली येतो ना, ते परत लाव.”

मी परत लावलं. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, बार उचलला आणि ती जागा शोधायला लागले. पहिल्यांदा सुतभर मागे राहिले. मान हलवली, बार मागे नेला आणि पुन्हा निघाले.